वराहाच्या पाठीवरची खोटी सही

१/ मित्रहो, आजचा धागा लढाईचा नाही, ताम्रपटाचा नाही, आणि एखाद्या दुर्गाचाही नाही. तो लोणी भापकरच्या यज्ञवराहाविषयी आहे, जपानमधल्या बोटभर उंचीच्या कोरीव प्राण्यांविषयी आहे, आणि मी केलेल्या एका चुकीविषयी आहे. चूक शेवटी सांगणार आहे. कारण ती चूक का होती हे कळण्यासाठी आधी वराह कळायला हवा. धागा मोठा आहे. सवडीने वाचावा.

२/ लोणी भापकर हे बारामती तालुक्यातले गाव. मोरगावचा मयूरेश्वर येथून फार दूर नाही. माझे आजोळ याच गावाचे, त्यामुळे बालपणीची प्रत्येक मे महिन्याची सुट्टी येथे गेली. भोवती कोरडा मुलूख, उन्हाने तापलेली जमीन, आणि त्या कोरड्या मुलखाच्या मध्यभागी दगडी पायऱ्यांची एक चौकोनी पुष्करणी. तिच्या भिंतींत देवकोष्ठे आहेत, शेजारी मल्लिकार्जुनाचे मंदिर आहे. आणि त्याच परिसरात उभा आहे तो, ज्याला आम्ही मुले सरळ ‘डुक्कर’ म्हणत असू.

३/ एकदा मी त्याच्या पाठीवर चढून बसलो होतो. आजी पाण्याची कळशी घेऊन येत होती. ती लांबूनच ओरडली, “आरं, उतर खाली! देवाच्या पाठीवर बसत्यात व्हय?” मी उतरलो, आणि उतरताना प्रथमच पाहिले, की ज्यावर मी बसलो होतो तेथे दगड गुळगुळीत नव्हता. तेथे रांगेने लहान लहान माणसे बसलेली होती. आजी म्हणाली, “ती माणसं न्हाईत. समदा इष्णूच हाय त्यो.”

४/ आजीचे शास्त्र बरोबर होते. वराहाच्या पाठीवर झूल पांघरावी तशा विष्णूच्या लहान लहान प्रतिमा ओळीने कोरलेल्या आहेत. त्या नेमक्या किती, याचा आकडा आपल्याला अनेक ठिकाणी वाचायला मिळेल. मी स्वतः तीन वेळा मोजल्या आणि तीन वेगळे आकडे आले. कडेच्या झिजलेल्या आकृती धरायच्या की सोडायच्या, यावर सारे अवलंबून असते. म्हणून या धाग्यात आकडा देत नाही.

५/ आता मूर्तिशास्त्र थोडक्यात. विष्णूचा वराह अवतार शिल्पात मुख्यतः दोन प्रकारे येतो. पहिला नृवराह: शरीर मानवाचे, मुख वराहाचे, खांद्यापाशी उचलून धरलेली पृथ्वी. विदिशेजवळच्या उदयगिरीची पाचव्या शतकातील लेणी आणि बदामीची लेणी ही याची उत्तम उदाहरणे. दुसरा प्रकार संपूर्ण पशुरूपातला, चार पायांवर उभा. यज्ञवराह म्हणून जो ओळखला जातो तो हाच.

६/ ‘यज्ञ’ हा शब्द का? पुराणांत वराहाच्या देहाचे वर्णन यज्ञाच्या सामग्रीने केले आहे. पाय म्हणजे वेद, सुळे म्हणजे यूप (यज्ञात पशू बांधण्याचा खांब), जीभ म्हणजे अग्नी, अंगावरचे राठ केस म्हणजे दर्भ, घुरघुर म्हणजे सामगायन. चिखलात लोळणाऱ्या प्राण्याच्या एकेका अवयवावर पवित्रातली पवित्र वस्तू ठेवलेली. ही कल्पना दगडात कशी आणायची, हा पाथरवटापुढचा प्रश्न होता.

७/ वेगवेगळ्या कारागिरांनी त्याची वेगवेगळी उत्तरे दिली. मध्य प्रदेशातील एरण येथील प्रचंड वराहाच्या अंगावर ऋषींच्या रांगा आहेत, जणू ते त्याच्या केसांत आश्रयाला आले आहेत. उजव्या सुळ्याला पृथ्वी लोंबते आहे. त्याच्या छातीवर हूण राजा तोरमाण याच्या कारकिर्दीच्या पहिल्या वर्षाचा लेख आहे आणि मंदिर उभारणाऱ्या धन्यविष्णूचे नावही. म्हणजे एरणचा वराह स्वतःच आपला काळ आणि कर्ता सांगतो. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

८/ खजुराहोच्या वराहावर सहाशेहून अधिक आकृती आहेत. नाकापासून खुरापर्यंत जागा उरलेली नाही. पायांशी शेषनाग आहे, आणि तुटून गेलेल्या भूदेवीची केवळ पावले शिल्लक आहेत. याच्या अगदी उलट आपल्या रामटेकचा वाकाटककालीन वराह: भव्य, आणि अंग जवळजवळ कोरे. पुणे जिल्ह्यातच चाकणच्या चक्रेश्वर मंदिराच्या परिसरातही एक वराह आहे. लोणी भापकरचा वराह या कुळातला.

९/ त्याचे वेगळेपण दोन गोष्टींत. एक, आपला दगड. एरणचे शिल्पी वालुकाश्मात काम करत होते. दख्खनचा बसाल्ट कठीण, आणि त्यात ठिकठिकाणी वायूच्या बुडबुड्यांनी राहिलेल्या पोकळ्या. मोठी मूर्ती करताना एखादी पोकळी खपून जाते. वीतभराहूनही लहान प्रतिमेत मात्र तीच पोकळी नेमकी मुखावर आली की संपले. टाकीचा एक घाव चुकला, की शेजारची प्रतिमाही गेली.

१०/ दुसरी गोष्ट, विषयाची निवड. येथे ऋषी, देवगण, नाग अशी गर्दी नाही. एकच रूप पुन्हा पुन्हा आहे. विष्णूच्या देहावर विष्णूच. खजुराहोचा शिल्पी सांगतो की या देहात सारे विश्व सामावले आहे. लोणीचा शिल्पी काहीसे वेगळे सांगतो. हा वराह विष्णूने भरलेला आहे, कोठेही पाहा, तोच दिसेल. “समदा इष्णूच हाय त्यो,” हे आजीचे वाक्य मला पुढे कोणत्याही ग्रंथात त्याहून नेमके सापडले नाही.

११/ आता जपान. काही वर्षांपूर्वी परदेशातील एका संग्रहालयात एका काचेच्या कपाटासमोर मी बराच वेळ थांबलो. आत पाल्याच्या अंथरुणावर झोपलेले एक रानडुक्कर होते. हस्तिदंताचे, अंगठ्याएवढे. अंगावरचा केस न् केस कोरलेला. शेजारी हत्तीची सोंड आणि वाघाचे पंजे असलेला एक विचित्र प्राणी. पाटीवर शब्द होता ‘नेत्सुके’.

१२/ नेत्सुके म्हणजे काय? किमोनोला आपल्या सदऱ्यासारखा खिसा नसतो. म्हणून पुरुष औषधाची डबी, तंबाखूची पिशवी अशा वस्तू दोरीने कमरपट्ट्याला लटकवीत. दोरी निसटू नये म्हणून तिच्या वरच्या टोकाला एक गुंडी अडकवलेली असे. ती गुंडी म्हणजे नेत्सुके. एदो काळात (१६०३ ते १८६८) या गुंडीची कला झाली. हस्तिदंत, बॉक्सवूडसारखे घट्ट लाकूड, हरणाचे शिंग, असे तिचे माध्यम. आकार साधारण तीन ते पाच सेंटिमीटर.

१३/ या गुंड्यांवर अद्भुत प्राण्यांची मोठी वस्ती आहे. सोंडवाला तो प्राणी ‘बाकू’, माणसांची वाईट स्वप्ने खाऊन टाकणारा. ‘किरिन’, हरणासारख्या अंगाचा मंगल प्राणी. ‘कप्पा’, डोक्यावरच्या खळग्यात पाणी बाळगणारा नदीतला खोडकर जीव. ते पाणी सांडले की त्याचे बळ जाते. आणि जपानी कल्पनाविश्वात ‘कारुरा’ही आहे. नाव ओळखीचे वाटते ना? तो आपला गरुडच, बौद्ध धर्माबरोबर चीन आणि कोरियामार्गे तेथे पोहोचलेला.

१४/ आपल्याकडेही ही वस्ती कमी नाही. मंदिराच्या उंबरठ्यावर कीर्तिमुख, पाणी वाहून नेणाऱ्या प्रणालावर मकर, खांबांवर व्याल, दुर्गांच्या दरवाजांवर हत्तींना पंजांत धरणारा शरभ. फरक जागेचा आहे. आपले अद्भुत प्राणी वास्तूला चिकटलेले, उंबरठा आणि दरवाजा राखणारे. जपानचे अद्भुत प्राणी माणसाच्या कमरेला लटकलेले, त्याच्याबरोबर बाजारात जाणारे.

१५/ आणि या फरकातूनच घडण ठरते. नेत्सुके वस्त्रात अडकता कामा नये. म्हणून शिल्पी शेपूट अंगाशी वळवतो, पाय पोटाखाली घेतो, ड्रॅगनचीही वेटोळी करतो. कोठे टोक बाहेर नाही. दोरी ओवायची दोन छिद्रेही तो प्राण्याच्या अंगातच खुबीने बसवतो. वराह याच्या नेमका उलट. त्याला कोठेही जायचे नाही. तो चार पाय रोवून उभा आहे, आणि त्याचे सारे वजन त्या चार पायांवर आहे.

१६/ झिजण्याचा अर्थही दोघांत निराळा. नेत्सुके वर्षानुवर्षे हाताळले गेले की त्याच्या कडा मऊ होतात, हस्तिदंतावर मधासारखी छटा येते. जाणकार या झिजेला मोल देतात, कारण ती सोबतीची खूण असते. दगडी वराह ऊनपावसात झिजतो, मुलांच्या चढण्याउतरण्याने झिजतो. त्या झिजेत माझाही वाटा आहे. तिला कोणी मोल देत नाही, आणि ते योग्यच आहे. कारण येथे झिजून जाते ते एका लहानशा विष्णूचे मुख.

१७/ आता मूळ मुद्द्याकडे. नेत्सुके घडवणारे बरेच शिल्पी वस्तूखाली आपले नाव कोरीत. १७८१ साली ओसाकाच्या इनाबा त्सूर्यू याने ‘सोकेन किशो’ हा ग्रंथ छापला. त्यात पन्नासाहून अधिक नेत्सुके-शिल्पींची नोंद आहे. त्यांपैकी एक क्योतोचा तोमोतादा, बैल कोरण्यात प्रसिद्ध. त्याच्या कामाच्या नकला फार होतात, हे त्या ग्रंथातच नमूद आहे. म्हणजे सही आहे म्हणून वस्तू त्याची, असे त्या काळीही धरता येत नव्हते. नाव मोठे होताच त्या नावाच्या खोट्या सह्या सुरू झाल्या होत्या.

१८/ हे वाचले तेव्हा मला माझा जुना धागा आठवला आणि घशाशी काही अडकल्यासारखे झाले. लिहायला लागलो त्या पहिल्या वर्षी मी लोणी भापकरवर एक छोटा धागा लिहिला होता. त्यात मी ठामपणे म्हटले होते, की हा वराह आणि ही मंदिरे यादवांचा प्रधान हेमाद्री, म्हणजेच हेमाडपंत, याने बांधवून घेतली. सोबत एक सालही दिले होते. त्या धाग्याचा प्रसार माझ्या इतर कोणत्याही लेखनापेक्षा अधिक झाला.

१९/ काही दिवसांनी बारामतीत शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने खाली विचारले, “दादा, हे कुठल्या शिलालेखात आहे?” मी उत्तर दिले, “सर्वत्र असेच लिहिलेले आहे.” तिने पुन्हा विचारले, “सर्वत्र म्हणजे कुठे?” मी त्यावर काही लिहिले नाही. तिच्या प्रश्नाला पसंतीच्या दोन खुणा मिळाल्या होत्या, माझ्या धाग्याला हजारो. मी त्या हजारांच्या आड लपलो.

२०/ तिचा प्रश्न किती रास्त होता ते पाहा. हेमाद्री हा ऐतिहासिक पुरुष. ‘चतुर्वर्गचिंतामणी’ या विशाल ग्रंथाचा कर्ता, महादेव (१२६१ ते १२७१) आणि त्यानंतर रामचंद्र या यादव राजांच्या पदरचा मोठा अधिकारी. परंतु चुन्याशिवाय घडीव दगड एकमेकांत बसवण्याची जी पद्धत आपण ‘हेमाडपंती’ म्हणतो, ती त्याच्याहून जुनी आहे. अंबरनाथच्या शिवमंदिरातील शिलाहारांचा लेख शके ९८२ चा, म्हणजे इ.स. १०६० चा. हेमाद्रीच्या सुमारे दोनशे वर्षे आधीचा.

२१/ म्हणजे ‘हेमाडपंती’ हे एका शैलीला लोकांनी दिलेले नाव आहे. बांधणाऱ्याची सही नव्हे. लोणी भापकरची मंदिरे व शिल्पे शैलीवरून यादवकाळातील मानली जातात, आणि तेवढे म्हणणे पुरेसे आहे. एरणच्या वराहाच्या छातीवर राजाचे व दात्याचे नाव आहे, म्हणून तेथे आपण ते सांगू शकतो. लोणीच्या वराहावर मी जे नाव सांगितले ते वराहाने मला सांगितलेले नव्हते. तोमोतादाची खोटी सही करणाऱ्याने जे केले, तेच मी केले. त्याने निदान वस्तू स्वतः कोरली होती.

२२/ गेल्या हिवाळ्यात पुन्हा लोणीला गेलो. आजी आता नाही. सकाळचे कोवळे ऊन तिरपे पडले होते आणि त्या उजेडात पाठीवरच्या प्रतिमा स्पष्ट उठून दिसत होत्या. शाळेची एक सहल आली होती. एक गृहस्थ मुलांना माहिती सांगत होते. बोलता बोलता त्यांनी एक वाक्य म्हटले, आणि ते शब्दशः माझे होते. तेच नाव, तेच साल, तीच शब्दरचना. एका मुलाने ते वहीत लिहून घेतले.

२३/ मी पुढे होऊन बोलायला हवे होते. बोललो नाही. चारचौघांत त्या गृहस्थांना उणेपणा येईल, असे मी मनाला समजावले. खरे कारण निराळे होते: ते वाक्य कोणाचे, हे मला सांगावे लागले असते. सहल निघून गेली. बसाल्टमध्ये चुकलेला घाव पुसता येत नाही असे वर लिहिले आहे; त्या मुलाच्या वहीतला माझा घावही आता तसाच राहणार.

२४/ म्हणून हा धागा. जुना धागा मी पुसलेला नाही. पुसला असता तर चूक कशी झाली हेही पुसले गेले असते. त्याच्या माथ्यावर दुरुस्ती लिहिली आहे आणि हा धागा तेथे जोडला आहे. त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे उत्तरही उशिरा का होईना, दिले आहे: “ताई, कोणत्याही शिलालेखात नाही. तुमचे बरोबर होते.” तिचा प्रतिसाद एका ओळीचा होता: “मग आता दगडच नीट वाचू या.”

२५/ तुमच्यापैकी पुष्कळांना स्वतः लिहायचे आहे, हे मला तुमच्या पत्रांतून ठाऊक आहे. त्यांना एवढेच सांगेन. निनावी शिल्प पाहिले की त्याला मोठे नाव देण्याचा मोह होतो. नावाशिवाय गोष्ट अपुरी वाटते. पण ज्याने या कठीण दगडात इतके विष्णू एकापाठोपाठ एक, न चुकता बसवले, तो कोणी पाथरवट होता. आपण त्याच्या कामाखाली प्रधानाचे नाव लिहितो, तेव्हा त्याचे उरलेसुरले श्रेयही काढून घेतो. त्याचे नाव आपल्यापाशी नाही. ती जागा रिकामी ठेवणे हाच त्याचा मान.

२६/ लोणी भापकरला जरूर जा. मोरगावचे दर्शन घेऊन पुढे जाता येते. सकाळी किंवा सायंकाळी जा, तिरप्या उजेडात बारीक कोरीव काम दिसते. भर दुपारी सारे सपाट भासते. अक्षरे वा आकृती उठून दिसाव्यात म्हणून दगडाला खडू, पीठ किंवा तेल लावू नका. पुष्करणी उतरून पाहा, मल्लिकार्जुनाच्या मंडपात थोडे बसा. आणि सोबत लहान मूल असेल व ते वराहाच्या पाठीवर चढू लागले, तर त्याला खाली उतरवा. ओरडलात तरी चालेल. मला उतरवले होते, म्हणून मी पाहू लागलो.

२७/ पुढील धागा अंबरनाथच्या शके ९८२ च्या लेखावर असेल. या धाग्यात काही चुकले असल्यास खाली लिहा, आणि “कुठे आहे?” असे विचारायला संकोच करू नका. या वेळी उत्तर देईन.